तिसऱ्या बाकावरचा खोकला

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रवचन कधी संपायचं हे पाळक ठरवत नसत. ते त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, ठरवत. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसून त्या एकदाच खोकायच्या. कोरडा, नीटनेटका खोकला, दारावर बोटानं टकटक करावी तसा. तो ऐकू आला की आमचे मोठे पाळक हातातलं वाक्य पुरं करायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "प्रार्थना करू या." मागच्या बाकांवरची माणसं तेवढ्यात पायांनी चपला चाचपायला लागायची.

कंपाउंडर मंडळीत नवा आला तेव्हा ही व्यवस्था त्याला कुणी सांगितली नाही. आपणहून कळेल, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. खरं तर मजा बघायची होती. बाईंना जुनाट खोकला आहे अशी समजूत करून घेऊन तो अधूनमधून औषधाची बाटली आणून द्यायचा. बाई हसून घ्यायच्या. बाटली संपायची मात्र नेमानं, कारण औषध गोड होतं आणि मोठ्या पाळकांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं.

मोठे पाळक ऑगस्टात गेले. रविवारी उपासना घेतली, पाहुण्यांबरोबर जेवले, पाहुण्यांना दारापर्यंत पोचवून खुर्चीत टेकले आणि डोळे मिटले ते मिटलेच. असं मरण भाग्यानं मिळतं, असं सगळे म्हणाले. जाणाऱ्याच्या बाजूनं हिशोब मांडला तर ते बरोबरच आहे. राहणाऱ्याच्या बाजूनं कुणी मांडत नाही.

पंचकमिटीनं बाईंना वर्षअखेरपर्यंत पाळकांच्या घरात 'राहू दिलं'. हे शब्द ठरावातले. ज्यानं ठराव लिहिला त्याच्या पोरांना अक्षरं बाईंनीच शिकवली होती, त्याच घराच्या ओट्यावर बसवून. नवे पाळक, म्हणजे आमचे धाकटे पाळक, बायको आणि कडेवरचं बाळ घेऊन नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कामाला लागणार होते. त्याआधी घर मोकळं करून घ्यायचं होतं. कमिटीत अवघड काम निघालं की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे विकणारा माणूस मनानंही टणक असणार असा लोकांचा समज आहे. मी तो खोडून काढत नाही. धंद्याला बरा पडतो.

नाताळ आटोपला आणि मी गेलो.

"या भाऊ," बाई म्हणाल्या. "मंडळीचं काय नि आमचं काय, ते ठरवायला आलात ना? बसा. ती खुर्ची मंडळीची आहे, निर्धास्त बसा."

बसलो. बसल्यावर लक्षात आलं, ही तीच खुर्ची. उठणंही बरं दिसेना. म्हणून अवघडून, अर्ध्याच खुर्चीवर बसून राहिलो.

"टेबल?" मी विचारलं.

"टेबल मंडळीचं. त्याच्यावरचा डाग आमचा. ह्यांनी प्रवचन लिहिता लिहिता गरम किटली ठेवली होती, नवं होतं तेव्हा."

"कपाट?"

"तेही मंडळीचं. आतली झुरळं आमची, पण ती येणार नाहीत माझ्याबरोबर. कमिटीनं ठेवून घ्यावीत."

"आणि पडदे?"

"पडदे मी शिवलेत. पण ह्याच खिडक्यांच्या मापाचे आहेत. दुसरीकडे कुठं नीट बसायचे? राहू देत."

बोलून झालं तरी त्या पडद्यांकडे बघत राहिल्या. मग उठून चहा ठेवला. त्या घरात गेल्यावर चहा नको म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

"ठरलं का काही?" मी विचारलं. हे विचारायला कमिटीनं सांगितलं नव्हतं.

"मुलगा एक तारखेला गाडी घेऊन येतोय. म्हणतो, आई, चल माझ्याकडे. दोन खोल्या आहेत, पण सून चांगली आहे. इकडं टेलरबाई म्हणते, दुकानामागची खोली रिकामीच आहे, तिथं राहा, भाड्याच्या बदल्यात काजं करून द्या." टेलरबाई म्हणजे बाईंची शेजारीण, तिसऱ्या बाकावरची आणि एकूणच. "मी दोघांनाही म्हटलं, पहिल्या तारखेची उपासना होऊ दे. मला तिथं नुसतं बसता आलं तर राहीन. नाही आलं तर गाडीत बसेन."

"नुसतं म्हणजे कसं?"

"तुम्ही बसता तसं. काही काम नसताना."

टोमणा होता. मी गपचूप जमेस धरला.

"तुम्हाला काम कसं नाही," मी म्हणालो. "नव्या पाळकांना खोकला कोण देणार?"

गमतीनं म्हटलं होतं. बाईंनी कप खाली ठेवला.

"मी आता खोकणार नाही, भाऊ. त्या रविवारी हे संपवता संपवता म्हणाले, 'आणखी एक गोष्ट.' आठवतं तुम्हाला? जेवायला पाहुणे यायचे होते. माझं लक्ष घड्याळाकडे. मी खोकले. ह्यांनी चष्मा काढला." मग त्या म्हणाल्या, "ती गोष्ट कोणती, ते जेवताना विचारू म्हटलं. तर जेवताना पाहुणे होते."

मी आठवून पाहिलं. मला ते 'आणखी एक गोष्ट' आठवेना. त्या वेळी मी चपला शोधत असणार.

नव्या वर्षाची आमच्याकडे एक रीत आहे, मोठ्या पाळकांनीच घालून दिलेली. पहिल्या तारखेला सकाळच्या उपासनेत, प्रवचन झाल्यावर सगळ्यांनी रांगेनं पुढं जायचं. पाळक प्रत्येकाला विचारतात, "तू कोण आहेस?" सगळ्यांना 'तू'. बँकेच्या मॅनेजरलाही 'तू' आणि त्यांच्या ड्रायव्हरलाही 'तू'. उत्तरात नाव सांगायचं नाही, धंदा सांगायचा नाही, कुणाचा कोण ते सांगायचं नाही. एवढंच म्हणायचं, "मी ख्रिस्ताचा आहे." बायकांनी, "ख्रिस्ताची." मग पाळक डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "तर मग या वर्षात जा."

"वर्षभर लोक तुम्हाला नळवाला म्हणणार, घरमालक म्हणणार, अमक्याची सून म्हणणार," मोठे पाळक सांगायचे. "एक दिवस तरी खरं उत्तर द्या."

पहिल्या वर्षी आमचा प्लंबर पुढं गेला आणि सवयीनं म्हणाला, "मी प्लंबर. टाकीचं काम आहे का?" सगळी मंडळी हसली. पाळक हसले नाहीत. त्यांनी त्याच आवाजात पुन्हा विचारलं. प्लंबरनं बरोबर उत्तर दिलं आणि जागेवर येईपर्यंत तो शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता. अजून त्याला त्यावरून चिडवतात. त्याला ते आवडतं असा माझा अंदाज आहे.

एक तारखेला सकाळी थंडी होती. मुलाची गाडी फाटकाबाहेर उभी होती, मागं गादीची वळकटी आणि एक ट्रंक. मुलगा शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसला. बापासारखाच दिसतो, बोलतो मात्र कमी. बाई तिसऱ्या बाकावर खिडकीशी, पलीकडे टेलरबाई. सगळं जागच्या जागी होतं, फक्त व्यासपीठावर दुसरा माणूस होता.

धाकटे पाळक हुशार आहेत. हुशार माणसाला थांबायला वेळ लागतो. जुनं गेलं, नवं आलं, असा विषय होता आणि त्यांनी जुन्याच्या अगदी मुळापासून सुरुवात केली. लोक आधी ऐकत होते. मग खिडकीबाहेर बघू लागले. मग एकेकाची मान डावीकडे तिसऱ्या बाकाकडे वळू लागली.

"खिळेवाले," प्लंबर पुढच्या बाकावरून मान न वळवता पुटपुटला, "आज आपल्याला सोडवणार कोण?"

"देव."

"त्याला घाई नसते."

मला बाईंची पाठ तेवढी दिसत होती. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला होता. इतक्या वर्षांचा खोकला, तो काय विचारून येतो? वेळ झाली की आपला आपण वर येत असणार. खांदे एकदा हलले, पुन्हा हलले. टेलरबाईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज आला नाही. लोकांना वाटलं, बाई रडताहेत. मला माहीत होतं, बाई खोकत नाहीयेत.

शेवटी पहिल्या बाकावरचं बाळ रडलं. चांगलं खणखणीत रडलं. धाकट्या पाळकांची बायको त्याला उचलून बाजूच्या दारानं बाहेर गेली, धाकट्या पाळकांचा धागा तुटला आणि ते म्हणाले, "प्रार्थना करू या." ते बाळ मंडळीत लोकप्रिय होणार हे त्याच क्षणी ठरलं.

रांग लागली. आमच्या बाजूची आधी जाते. माझं उत्तर देऊन मी परत येऊन बसलो आणि डावीकडची रांग बघू लागलो. टेलरबाई. तिच्यामागं बाई. त्यांना रांगेत पाहिल्यावर माझ्या ध्यानात आलं की याआधी त्या मला तिथं कधी दिसल्याच नव्हत्या. मी माणसं मोजणारा माणूस. कोण आलं, कोण नाही, कुणी कुणाशी बोलणं टाकलं, सगळं माझ्या डोक्यात असतं. पण रांग सुरू झाली की बाई बाजूच्या दारानं मागच्या स्वयंपाकघरात जायच्या. रांग संपेपर्यंत एवढ्या मंडळींचा चहा तयार हवा. चहा वेळेवर मिळाला की तो कुणी केला हे कोण बघतं?

टेलरबाई बाजूला झाली. बाई पुढं आल्या.

आईच्या वयाच्या बाईला 'तू' म्हणताना धाकटे पाळक जरा अडखळले. पण कमिटीनं सांगितलं होतं, तसं त्यांनी विचारलं, "तू कोण आहेस?"

बाईंनी वर पाहिलं. जिथं कायम मोठे पाळक उभे असत तिथं हे धाकटे पाळक उभे होते.

"मी ह्यांची," बाई म्हणाल्या.

हे म्हणजे कोण, ते तिथल्या लहान पोरांनाही कळलं. प्लंबरच्या वेळी हसली होती ती सगळी मंडळी आज गप्प. माझ्या शेजारी मुलानं मान खाली घातली.

धाकट्या पाळकांनी त्याच आवाजात पुन्हा विचारलं. असं करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या नावावर मी तेवढं जमा केलं.

बाईंचे ओठ हलले. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला येत नाही." वर्गात उभं केलेलं मूल म्हणतं तसं. आणि पाय सवयीनं नेतील तशा बाजूच्या दारानं निघून गेल्या.

मुलगा उठायला लागला. टेलरबाईनं लांबूनच त्याला हाताच्या खुणेनं बसवलं आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी दार दाखवलं. हार्डवेअरवाल्याला कुठल्याही खोलीत शिरायला एक निमित्त कायम तयार असतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. वॉशर खिशात होता. मी आत गेलो, कुणी काही विचारायच्या आत सिंकखाली वाकलो आणि तिथंच राहिलो.

धाकट्या पाळकांची बायको भल्यामोठ्या पातेल्यासमोर उभी होती, एका हातात पळी, कडेवर बाळ.

"बाई, बरं झालं आलात," ती म्हणाली. उपासनेत काय झालं ते तिला माहीतच नव्हतं. "एवढ्याला साखर किती घालू?"

"दे त्याला इकडं." बाईंनी बाळ घेतलं. "तो डबा आहे ना, तो अर्धा. वर दोन मुठी. कंपाउंडर गोड पितो." आणि मग, "तू रांगेत नव्हतीस."

"चहा होता ना. आणि हा रडत होता."

"मग घरी विचारलं का नवऱ्यानं तुला? सकाळी, कॉलर लावताना?"

"नाही. मीच त्याला विचारलं, चार-पाच वेळा. सवय व्हावी म्हणून. इतका घाबरला होता, बाई."

पातेल्यात साखर पडल्याचा आवाज आला.

"मीसुद्धा," बाई म्हणाल्या. "दरवर्षी सकाळी मीच ह्यांना विचारायचे. तिथं सगळ्यांना हे विचारणार, मग ह्यांना कुणी विचारायचं, म्हणून. हे उत्तर द्यायचे आणि निघायचे. उशीर झालेला असायचा. मला विचारायचं राहून जायचं. मला वाटायचं, ह्यांना माहीत आहे. ह्यांना वाटत असणार, मला माहीत आहे."

दार वाजलं. धाकटे पाळक आत आले. सिंकखालून मला त्यांचे बूट दिसत होते. उजव्याची नाडी सुटलेली.

"बाई, माझं चुकलं का? मी दुसऱ्यांदा विचारायला नको होतं."

"विचारलंत ते बरं केलंत, पाळकसाहेब. आता आणखी एकदा विचारा. मला नाही. हिला."

"इथं?"

"मग कुठं? पातेलं काही तिथं येणार नाही."

"चला, काहीतरीच," ती पोरगी हसली. पण मग गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

"तू कोण आहेस?" धाकट्या पाळकांनी विचारलं. व्यासपीठावरचा आवाज नव्हता हा.

"मी ख्रिस्ताची आहे."

"तर मग या वर्षात..." एवढं म्हणून त्यांना पुढं बोलवेना. तिनंच पुरं केलं, "जाते." मग नाक ओढत, जणू राहिलेलं एखादं साधं काम करावं तसं, ती वळून म्हणाली, "आणि बाई, तुम्ही?"

मी नळ मघाशीच बंद केला होता. तरी पाना हातात धरून वाकलेलाच राहिलो.

बाळ बाईंच्या खांद्यावर काहीतरी बडबडलं.

"मी ख्रिस्ताची आहे," बाई म्हणाल्या. मग आणखी हळू, "हे नाहीत, तरी आहे."

ऑगस्टपासून बाईंना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नाही, मी सिंकखाली होतो. ऐकलं. तो आवाज त्या नीटनेटक्या खोकल्यासारखा मुळीच नव्हता.

"तर मग या वर्षात जा," धाकटे पाळक म्हणाले.

"जाते," बाई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दावरून मला कळलं की त्या गाडीत बसणार.

चहा उशिरा मिळाला आणि गोड झाला. फाटकापाशी गाडीभोवती सगळे उभे राहिले, जिथं काय बोलावं ते कळत नाही तिथं उभे राहतात तसे. कंपाउंडरनं बाटली आणली होती. "तिकडं थंडी फार असते," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला सगळं कळलंच असणार. तरी त्यानं दिली, आणि बाईंनी नेहमीसारखी हसून घेतली.

"मी खोली झाडून ठेवली होती," टेलरबाई म्हणाली.

"अगं, मी इथं राहिले तर मरेपर्यंत पाळकीणबाईच राहीन. तुम्ही कुणी मला दुसरं काही होऊ देणार नाही. आणि ती पोरगी पातेल्यापाशीच अडकेल."

"आणि तिकडं कोण होणार तुम्ही?"

"तिकडं कुणाची आई, कुणाची आजी. तेही वरवरचंच. पण विचारलं कुणी, तर उत्तर आता येतं."

"माझी काजं कोण करणार?" टेलरबाईनं तोंड फिरवून विचारलं. ती त्या काजांविषयी बोलत नव्हती, आणि काजं तिला स्वतःला उत्तम येतात.

मी पुढं झालो. "बाई, ती खुर्ची तुमच्यात धरू या. कमिटीचं मी बघतो. दोरी आहे माझ्याकडे, टपावर बांधून देतो."

बाईंनी गाडीच्या टपाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"नको, भाऊ. घर लहान आहे सुनेचं." मग गाडीत बसून खिडकीची काच वर करता करता म्हणाल्या, "तुम्ही पूर्ण बसत जा तिच्यावर. अर्धवट नको."

गाडी वळली तेव्हा टेलरबाईनं हात हलवला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर हलवला.

पुढच्या रविवारी तिसऱ्या बाकावर खिडकीशी धाकट्या पाळकांची बायको येऊन बसली, बाळ मांडीवर. टेलरबाई आधी जरा अंग चोरून बसली, मग बाळानं तिच्या गळ्यातला टेप ओढला तेव्हा तिनं तो त्याला दिला. चहाचं काम कमिटीनं पाळीपाळीनं वाटून घेतलं. पहिली पाळी प्लंबरची आली. चहा कसा झाला ते इथं मांडत नाही.

प्रवचन लांबलं. बाळ झोपलं होतं, त्यामुळे त्या बाजूनं आशा नव्हती. धाकट्या पाळकांनी कागद गोळा केले, आणि आम्ही सुटलो असं वाटतं तोच ते थबकले आणि म्हणाले, "आणखी एक गोष्ट."

ते वाक्य बाईंनी फक्त मलाच सांगितलं होतं की आणखी कुणाला, मला माहीत नाही. पण मागच्या बाकांवर एकही पाय हलला नाही. प्लंबर सरळ होऊन बसला. कंपाउंडरनं घड्याळावर बाही ओढली. मुद्दा तसा किरकोळच होता, आजाऱ्यांना भेटायला जाताना घाईत जाऊ नका, असं काहीसं. आम्ही तो शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला.